तिसरी हाक

"वांग्यातल्या बुजगावण्याला ते नारंगी जाकीट तुमी घातलं का?"

चंद्रभागाचा आवाज ओट्यावरून निघाला तो थेट नदीपर्यंत गेला. नदीवर बारकू नावेत बसून डब्यानं पाणी उपसत होता. रात्रीतून नावेत पाणी चढायचं, सकाळी ते काढून टाकायचं, ही त्याची देवपूजा. फट कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं. पण म्हातारं माणूस अन् म्हातारी नाव, दोघं थोडे गळायचेच, असं त्याचं मत होतं.

"त्याला थंडी वाजत व्हती," तो म्हणाला.

"आश्विनातल्या उन्हात थंडी वाजती व्हय? आज पाव्हणे यायचेत. फोटू निघायचेत. सार्थकसाहेब घसा कोरडा करून सांगून गेला, बारकूमामा, जाकिटाबिगर नदीत उतरायचं नाय. अन् तुमी ते वांग्यात उभं केलं!"

"मंग बरंच झालं की. बुजगावणं आता बुडायचं नाय."

"तुमी बुडाल एक दिस, तवा कळंल."

"भागे, सारा जलम पाण्यावर गेला माझा. नदी मला वळखती."

"नदी कुणाला वळखत नाय," असं म्हणत चंद्रभागा वांग्यात शिरली, बुजगावण्याला उघडं केलं अन् जाकीट नावेत भिरकावलं. ते नावेतल्या उरल्यासुरल्या पाण्यात पडलं आणि तरंगायला लागलं.

"बघा," ती म्हणाली, "तुमच्यापरीस शाणं हाय."

हे उंबरथडी गाव. निफाडच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. नदी म्हणायचं ते जुन्या सवयीनं. खाली बंधारा झाल्यापासून ती इथं वाहत नाही, नुसती बसून असते, लग्न उरकलं तरी न उठणाऱ्या पाव्हण्यासारखी. वरच्या शहरातून जे जे म्हणून सुटतं ते इथं येऊन मुक्काम करतं, आणि त्यावर पाणवेल पोसते. हिरवीगार पानं, जांभळी फुलं. शहरातली माणसं मुद्दाम येऊन तिचे फोटो काढतात. बारकू तिला रोज कोयत्यानं कापायचा आणि शिव्या द्यायचा. त्या वेलीतून अलीकडून पलीकडं त्यानं एक वाट मोकळी राखली होती, एक नाव जाईल एवढी.

पलीकडं खडकथडी. टमाट्याचे, मक्याचे, द्राक्षांचे मळे तिकडं. दवाखाना, डांबरी रस्ता, बाजार अलीकडं. पूल आहे, पण तो लांब खाली. गाडीनं वळसा घालायचा तर तास मोडतो. नावेनं एक बिडी पुरी होत नाही.

म्हणून दोन्ही थड्यांनी मिळून पूल मागितला होता. बारकूच्या बापाच्या काळापासून मागितला होता. पूल झाला तर आपली नाव बसेल हे ठाऊक असून बारकूनंही अर्जावर सही ठोकली होती. त्याची एकुलती एक लेक पूजा पलीकडं दिलेली होती, आणि पोटचं माणूस पाण्यापलीकडं असलं की नावाड्यालासुद्धा पूल हवासा वाटतो.

अखेर सरकार हललं. पाहणी झाली, मोजणी झाली, आणि मंजूर झालं ते 'बोटिंग सुविधा व जलमार्ग विकास केंद्र, उंबरथडी'. प्लॅस्टिकचा तरंगता धक्का आला. पायानं चालवायच्या चार नावा आल्या, हंसाच्या आकाराच्या. गावानं त्यांना बदकं म्हणायचं ठरवलं, कारण हंस कुणी पाहिलेला नव्हता. एक मोटारबोट आली. जलमार्ग दाखवायला लाल पिंपं पाण्यात सोडली गेली. ती पाणवेलीबरोबर हिंडायची आणि रोज नव्या ठिकाणी जलमार्ग दाखवायची. 'पूल मागितला, बदक मिळालं' ही म्हण गावात महिन्याभरातच जुनी झाली.

केंद्रावरचा सार्थक नाशिक रोडचा, पर्यटनाचं शिकलेला, बोलायला मऊ. पोरगा वाईट नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं, एवढंच. त्यानं बारकूला जाकीट दिलं आणि 'स्थानिक जलमार्गदर्शक' असं पद दिलं. बारकूनं पद चंद्रभागाला सांगितलं आणि जाकीट बुजगावण्याला दिलं.

तर त्या दिवशी केंद्राचं उद्घाटन होतं.

"बारकूदादाऽऽ हो!"

पलीकडून हाक आली. दिवसा नावेला एक हाक पुरते, आणि हाकेवरून बारकूला घर कळायचं. लांबवून शेवटी 'हो'ला गाठ मारलेली हाक म्हणजे सुरय्याभाभी. मणियारीण बाई, बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन दोन्ही थड्या पायाखाली घालायची. पूजाच्या वस्तीच्या अंगालाच तिचं घर.

"भाभी, आज कुणाला बांगड्या भरती? पाव्हण्यांना?" तिला नावेत घेताना बारकूनं विचारलं.

"बांगड्या भरायला मनगट लागतं, दादा. त्यांच्यापाशी नुसते हात असत्यात, हलवायला." सुरय्यानं पेटी मांडीवर घेतली. "पूजाचा निरोप हाय. तिचा फोन हौदात पडला, महेशनं पिंपळगावला दुरुस्तीला टाकलाय. म्हणून माझ्या तोंडी."

"काय म्हणती?"

"आज येत नाय म्हणती. महेश टमाट्याची गाडी घेऊन मार्केटला चाललाय, तिच्या सासूचं गुडघं धरलंय, म्हशीचं कोण बघणार? परवा येती म्हणली, चार दिस राहायला. अन् आईला म्हणावं, वेदीला आंबट वरण करून ठेव, दुसरं काय खात नाय ती."

"आज आली असती तर बदकात बसली असती नात."

"वेदी रडून ऱ्हायली व्हती बदकासाठी. मी म्हणलं, तुझ्या आबाची नाव काय वाईट हाय?" सुरय्या हसली. "पूजानं हिरवा चुडा भरून घेतला सकाळी. म्हणली, माहेरला जायचंय, हात भुंडे नको दिसाया. लहानातलं काकण बी सैल झालं बघ तिला. एवढं नाजूक मनगट, अन् टमाट्याच्या क्रेटी उचलती."

 बारकूनं बांबू असा रेटला की नाव एक दमात वेलीबाहेर निघाली. परवा म्हणजे परवा.

मग दिवसभर तो खेपाच मारीत होता. पाव्हणे अकराला यायचे म्हणून खडकथडीची माणसं नऊपासून काठावर. पोरं, बाया, धोतरवाले, मोबाईलवाले. जाकीट घालून बारकू घामानं निथळत होता, अन् जो तो नावेत बसताना म्हणत होता, "मामा, आज लय शोभून दिसून ऱ्हायले, नवरदेव!" दुपारपर्यंत त्यानं अख्खी पलीकडची थडी रिकामी करून अलीकडं आणली. पलीकडं राहिल्या त्या म्हातार्‍या, म्हशी, आणि कामं असलेली माणसं. एवढे उतारू एका दिवसात त्याच्या बापानंही नेले नव्हते. त्याला मनातून बरं वाटत होतं.

पाव्हणे अकराला यायचे ते दिवेलागणीला आले.

दिवेलागण झाली की नावेचा कायदा बदलतो. बारकूच्या बापानं त्याच्या हाती वल्हं दिलं त्याच दिवशी हा कायदा दिला होता. पहिली हाक वाऱ्याची, दुसरी पाण्याची, तिसरी माणसाची. अंधारून आल्यावर तिसरी हाक कानावर पडल्याबिगर दोर सोडायचा नाही, आणि उलटी ओ तर द्यायचीच नाही. पाणी आपल्या माणसाच्या आवाजात बोलावतं, पण त्याला दोनच हाका मारता येतात.

बारकूचा चुलता धोंडू असाच पहिल्या हाकेला गेला आणि सकाळी नाव तेवढी परत आली. धोंडू त्या सांजेला झिंगलेला होता, असंही जुनी माणसं हळूच सांगतात. पण दारूपेक्षा पाण्यानं नेलं हे घराण्याला बरं दिसतं, आणि घराण्याला बरं दिसतं त्याचीच पुढं रीत होते. दोन्ही थड्यांची लेकरं ही रीत बोबडं बोलतानाच शिकत. अंधारात नाव पाहिजे तर तीन हाका मारायच्या. पूजा तर नावाड्याच्याच घरात वाढलेली.

धक्क्यावर मोठाले दिवे लावले होते. त्यांच्या उजेडात अलीकडची थडी लग्नघरासारखी दिसत होती, आणि त्यामुळंच पलीकडं नुसती काळी भिंत. कर्ण्यावर गाणी ढणढणत होती. चंद्रभागा ओवाळायचं ताट घेऊन मांडवात बायांच्या रांगेत उभी होती. बारकू आपल्या नावेपाशी खुंट्याला टेकून बसला होता, आणि सुरय्या तिथंच पेटी उघडून उरलेल्या बांगड्या लावीत होती.

एक गाणं संपलं. दुसरं लागायच्या आतल्या फटीत ती आली.

"आऽऽबा!"

बारकू उभा राहिला. 'आ' लांबवायचा आणि 'बा' आपटायचा. परकर नेसत होती तेव्हापासूनची तीच हाक.

"भाभी, ऐकलं का?"

"काय?"

"हाक. पूजावानी."

"या ढणढणाटात मला माझं नाव ऐकू येईना, दादा. अन् पूजा कशाला येती? परवा म्हणली ना."

परवा म्हणली होती. बारकूनं दोराला हात घातला आणि तसाच धरून ठेवला. दुसरं गाणं सुरू झालं. कर्णा जरा खरखरला, गाण्याला उचकी लागली, आणि त्या उचकीत पुन्हा:

"आबा… नाव…"

आवाज पूजाचाच होता. पण तसा नव्हता. जीभ जड झालेला, घशात गाळ बसलेला. पाण्याखालून आल्यासारखा.

बारकूनं दोराला हिसका दिला आणि थांबला. गाठ अर्धी सुटलेली होती. परवा येणारी लेक आज कशी येईल? आणि आली तर तिचा आवाज असा का? बाप सांगायचा, ऐकताक्षणी काळीज हललं की समजायचं, पाणी बोलतंय. त्याचं काळीज हललं होतं. त्यानं पलीकडं पाहिलं. काळी भिंत. त्यानं दात आवळले आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिला.

गाणं मोठं होतं. त्यात नाचणं होतं, शिट्ट्या होत्या, मधे ढोल होता. ते संपलं तेव्हा पाव्हणे बोलायला उभे राहिले आणि सगळीकडं शांत झालं. बारकूनं सारं अंग कान करून ऐकलं. बेडूक ओरडत होते. वेलीत पाणकोंबडी फडफडली. हाक नव्हती.

त्यानं मोठा श्वास सोडला. अर्धी सुटलेली गाठ पुन्हा आवळली, ओंजळभर पाणी घेऊन कपाळाला लावलं.

"वाचलो आज," तो सुरय्याला म्हणाला.

त्याला खरंच हायसं वाटलं होतं.

पाव्हण्यांनी नदीला माता म्हटलं, पाणवेलीला समस्या म्हटलं, पुलाला विचाराधीन म्हटलं, आणि टाळ्यांच्या गजरात ते बदकात बसले. शेजारी सार्थक बसला, दोन दोन जाकिटं घालून. फोटोवाले मोटारबोटीतून पुढं निघाले. तेवढ्यात मांडवातून चंद्रभागा पळत आली. एका हातात ओवाळायचं ताट तसंच, दुसऱ्या हातात फोन. ताटातली वात वाऱ्यानं विझली होती.

"महेशचा फोन… आवं, नाव सोडा… पूजाला पान लागलंय!"

पान लागलं म्हणजे साप चावला. सापाचं नाव घेत नाहीत.

सांजच्याला म्हशीसाठी मका कापताना चावला होता. वस्तीवर गुडघे धरून बसलेली, कानानं कमी असलेली सासू शकुबाई, आणि पाच वर्षांची वेदिका. शेजारीपाजारी सगळे उद्घाटनाला. फोन पिंपळगावला. पूजानं पदराची चिंधी पायाला आवळली, लेकीचं बोट धरलं आणि नदीवर आली. दवाखाना समोर होता. तिचा बाप समोर होता. महेश गाडी रिकामी करून परतला तेव्हा त्याला घरात आई सापडली, बायको सापडली नाही. ती त्याला काठावर सापडली.

बारकूनं नाव कशी नेली हे त्याला कधी सांगता आलं नाही. खुंट्याला दोराचा तुकडा तसाच राहिला. कोयत्यानं तोडला असावा.

पलीकडं, उतारू बसतात त्या सपाट दगडावर, पूजा महेशच्या मांडीवर होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. श्वास होता, पण कुणी लांबून उसना आणल्यासारखा, थांबत थांबत. महेश "मामा, मामा" एवढंच म्हणत होता. दोघांनी तिला नावेत निजवलं. हातातला हिरवा चुडा वाजला.

वेदिका आपली आपण चढली आणि आजाच्या पायाशी बसली.

"आबा, तू आला नाय," ती म्हणाली.

बारकू बांबू रेटत होता.

"आईनं दोन हाका मारल्या. मंग तिला बोलताच येईना. मला म्हणली, दोन झाल्या वेदे, एक कमी हाय. तू मार, मंग आबा येतो." तिनं नाक पुसलं. "मी लय मारल्या, आबा. एक नाय, लय, घसा बसंस्तवर. तुझ्याकडं गाणं चालू व्हतं."

बांबू गाळात रुतला. तो उपसायला बारकूला दोनदा झटका द्यावा लागला.

नदीच्या मधोमध लाल पिंपांनी दाखवलेल्या जलमार्गानं जाऊन पाव्हण्यांचं बदक पाणवेलीत अडकलं होतं. मोटारबोटीच्या पंख्याला वेल गुंडाळून ती त्यांच्याही पुढं बंद पडली होती. बारकूची नाव अंधारातून दिसताच पाव्हणे उठून उभे राहिले. बदक कललं.

"ओ नाववाले!" त्यांनी हाक मारली. "अहो, इकडं! नाववाले! ऐकू येत नाही का? नाववालेऽऽ!"

तीन हाका. तिन्ही स्वच्छ, मोकळ्या, माणसाच्या.

बारकू थांबला नाही. त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

पाव्हण्यांच्या ताफ्यात एक रुग्णवाहिका होती. ती पुढं काढायला आधी आठ-दहा गाड्या मागं घ्याव्या लागल्या, पण माणसं चांगली. सगळ्यांनी हात लावला. दवाखान्यात डॉक्टर होता, औषधही होतं. नशिबाला नावं ठेवायला कुठं जागा नव्हती.

"किती वाजता चावला?" डॉक्टरनं विचारलं. महेशला माहीत नव्हतं. बारकू पुढं झाला.

"दुसऱ्या गाण्याच्या आधी," तो म्हणाला.

डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं सुई टोचली, छातीवर हात दाबले, बराच वेळ दाबले. मग तो सावकाश हातमोजे काढायला लागला, आणि ते पाहून चंद्रभागानं जो हंबरडा फोडला तो बाहेर उभ्या माणसांनी ऐकला. तो कुणाला तीनदा ऐकायची गरज पडली नाही.

न्हाऊ घालताना सुरय्या आली. म्हणाली, मी भरलाय चुडा, मला बघू द्या. तिनं पूजाचा हात हातात घेतला, काकणं एक एक करून मोजल्यासारखी फिरवली.

"एक बी फुटलं नाय," ती म्हणाली आणि भिंतीला तोंड करून उभी राहिली.

दहावं झालं, तेरावं झालं. वेदिका बोलून गेलेलं चंद्रभागाच्या कानी गेलंच होतं. तिनं एकदाच विचारलं, चुलीपुढं, तोंड न वळवता.

"ऐकू आल्या व्हत्या का तुमाला?"

"आल्या."

"किती?"

"दोन."

चंद्रभागा लाकूड चुलीत सारत राहिली. ओरडली असती तर बारकूला बरं वाटलं असतं. पण तिला ओरडताही येत नव्हतं, कारण पूजा बोबडं बोलत होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन तिनंच शिकवलं होतं: पहिली वाऱ्याची, दुसरी पाण्याची. पूजा गेली त्या दिवसापासून चंद्रभागा नावेत बसली नाही. बारकूशी बोलायची ते एकच, "जेवा."

गावानं मात्र बारकूला फार समजून घेतलं. "मामा, तुमचं काय चुकलं? रीत हाय ती," पारावर माणसं म्हणायची. "तुमच्या जागी आमी असतो तरी तेच केलं असतं." असं म्हटलं की बारकू उठून जायचा. शिव्या दिल्या असत्या तर बसला असता.

केंद्राचंही काही चुकलं नव्हतं. साप केंद्राचा नव्हता. सार्थक एकटाच एकदा घरी आला, दारात उभा राहिला, "मामा, कर्णा मी लावायला सांगितला होता," एवढं म्हणाला आणि रडायला लागला. चंद्रभागानं त्याला पाणी दिलं. पुढं त्याची बदली झाली. बदकं वेलीत रुतून बसली. आता त्यांच्या पाठीवर खरे बगळे बसतात, आणि शहरातली माणसं त्यांचे फोटो काढतात. लाल पिंपं बंधाऱ्याकडं निघून गेली. पाटी तेवढी जागेवर आहे.

आणि बारकूची नाव चालू राहिली. पण तिचा कायदा बदलला.

दिवेलागणीनंतर आता ती पहिल्याच हाकेला सुटते. हाक म्हणजे हाकच पाहिजे असंही नाही. पलीकडं कुणी म्हशीला हाळी दिली, की बारकू हजर. कुणी पोराला जेवायला बोलावलं, की बारकू हजर. "मामा, आमी तुमाला नाय बोलावलं, बैल सुटलाय आमचा," असं सांगताना खडकथडीच्या माणसांच्या जिवावर यायचं. "बरं बरं," म्हणून तो नाव फिरवायचा. टिटवी ओरडली तरी तो जायचा, वारा सुटून मका सळसळला तरी जायचा. मग खडकथडीत एक नवी रीत पडली. दिवेलागण झाली की कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. म्हातारं उगाच दमतं. वेदिकाला मात्र हे कुणी सांगायची गरज पडली नाही. आबाकडं यायचं असलं की ती काठावर येऊन नुसती उभी राहायची. हाक मारायची नाही. नाव कधीच निघालेली असायची.

फाल्गुन उतरत आला होता. एका सांजेला गार वारा सुटला, पाणवेलीची पानं एकावर एक आपटली, आणि पलीकडच्या काठावर कसलासा आवाज लांबला, थबकला. बारकूनं बिडी विझवली, दोर सोडला.

"थांबा जरा."

मागं चंद्रभागा उभी होती. पदर खोचून, चपला हातात घेऊन. ती पाण्यात उतरली, काठाला धरून नावेत चढली आणि पुढच्या फळीवर जाऊन बसली. पूजा माहेरी यायची तेव्हा बसायची त्या जागी. 

"तू ऐकली का हाक?" बारकूनं विचारलं.

"नाय."

"वारा बी आसंल."

"आसंल." तिनं पदर कानामागं घेतला. "तुमी ऐकली ना? मंग चला."

नाव वेलीतल्या वाटेनं निघाली.  चंद्रभागानं डब्यानं पाणी उपसायला घेतलं. फट अजून तशीच होती. पलीकडं सपाट दगडाला नाव टेकली, जरा हलली, स्थिर झाली.

काठावर कुणी नव्हतं.

बारकूनं बांबू रोवून नाव धरली. चंद्रभागा फळीवरून थोडी बाजूला सरकली, शेजारी जागा झाली. आणि एखाद्या माहेरवाशिणीला लेकरू काखेला मारून, पिशवी सावरून, चढून नीट बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दोघांनी नाव धरून ठेवली. मग ते परत फिरले.